जबडा पुढे घेतल्यानं झोपेतला श्वास मोकळा होतो का?

प्रश्न थोडक्यात असा: यजमान ४१ वर्षांचे, शाहू मार्केट यार्डातून गुळाची गाडी भरून गुजरातला जातात. अंगानं सडसडीत, वजन ६६ किलो, हनुवटी लहानपणापासून आत. घोरता घोरता श्वास थांबतो, मग दचकून उठतात. दिवसा स्टिअरिंगवर डुलकी येते. रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत, म्हणजे स्लीप स्टडीत, ए.एच.आय. ४६ आला, ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरला. मास्कमधून हवेचा दाब देणारं सी-पॅप मशीन घेतलं, पण दोन महिन्यांत ते कपाटावर गेलं. एका डॉक्टरांनी टाळूचं ऑपरेशन सुचवलंय, दुसऱ्यांनी जबड्याचं. कुठलं करावं, मशीन कायमचं सुटेल का, चेहरा बदलेल का?

ताई, मी तोंड आणि जबड्याची सर्जन आहे आणि कोल्हापुरातच काम करते. घोरण्यासाठी जबड्याचं ऑपरेशन करून द्या म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी नको म्हणून परत पाठवते. तुमच्या यजमानांना तसं पाठवणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे ऑपरेशन ज्यांच्यासाठी आहे, त्यांतलेच ते वाटतात. पण लगेच तारीख ठरवायची नाही. आधी दोन गोष्टी नीट तपासून घ्यायच्या: मशीन का जमलं नाही, आणि घसा नेमका कुठं बंद होतो.

रिपोर्टवरचा तो ए.एच.आय.चा ४६ आकडा म्हणजे झोपेच्या एका तासात श्वास ४६ वेळा पूर्ण थांबला किंवा फार उथळ झाला. म्हणजे साधारण सव्वा मिनिटाला एकदा. त्यातही किमान दहा सेकंद टिकलेलाच प्रसंग मोजतात. पाचच्या आत नॉर्मल, पाच ते पंधरा सौम्य, तिसाच्या वर तीव्र. तेव्हा ‘दमून आल्यावर सगळेच घोरतात’ असं घरातलं कुणी म्हणालं तर ते कानाआड करा. रात्रभर ऑक्सिजन असा वरखाली होत राहिला की रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत त्याहून मोठं भय रस्त्यावरचं.

आता सडसडीत माणसाला हा आजार, झोपेत श्वास थांबण्याचा स्लीप ॲप्निया, कसा? आपल्याकडं घोरणं म्हटलं की डोळ्यांसमोर जाडजूड माणूस येतो, आणि तेही खोटं नाही. तालीम सुटलेले पण खुराक न सुटलेले कितीतरी पैलवान माझ्याकडं येतात. सतरा इंचांच्या पुढं मान, पोट सुटलेलं, जबडा मात्र एकदम ठणठणीत. त्यांचा घसा बाहेरून चरबीनं दाबलेला असतो. तुमच्या यजमानांचं उलटं आहे. जीभ नेहमीच्या मापाची, पण ती ठेवायला जागाच कमी. जिभेचा मुख्य स्नायू खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, हनुवटीच्या मागं चिकटलेला असतो. जबडा आत असला की जीभही आत. जागेपणी स्नायू ताठ असतात म्हणून काही जाणवत नाही. झोप लागली, स्नायू सैल पडले, त्यात उताणे झोपले की जीभ मागं पडून घसा बंद. आशियाई लोकांत वजन फार नसतानाही हा आजार दिसतो, त्याचं एक मोठं कारण हाडांची ही ठेवणच आहे.

इथं एक उलटा प्रश्न विचारते. लहानपणी ते झाडावरून, जिन्यावरून, सायकलवरून हनुवटीवर पडले होते का? तोंड नीट उघडतं का? स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात असतील तर ठीक. लहान वयात मार बसून कानापुढचा सांधा धरला गेला तर जबड्याची वाढ तिथंच खुंटते. अशांचं ऑपरेशनच वेगळं असतं. सांधा सोडवायचा, आणि बऱ्याचदा हाडाला काप देऊन स्क्रूचं एक उपकरण बसवायचं आणि ते रोज साधारण एक मिलिमीटर फिरवत जबडा लांबवत न्यायचा. पोरगं हनुवटीवर पडलं आणि नंतर तोंड कमी उघडायला लागलं, तर ‘मोठा झाला की सुटेल’ म्हणून थांबू नका, हे या निमित्तानं सगळ्याच आईबापांना सांगते.

तोंड न उघडण्याचं दुसरं कारण आपल्या भागात रोजचंच: मावा आणि गुटखा. सुपारीनं गालाची आतली कातडी कडक होत जाते, तोंड बोटभरच उघडतं. मग भूलतज्ज्ञालाही अडचण आणि सर्जनलाही. गाडीवर झोप येऊ नये म्हणून ड्रायव्हर मंडळी तोंडात काहीतरी धरतातच. यजमान तंबाखू मळत असतील, बिडी ओढत असतील, तर ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून ते पूर्ण बंद व्हायला हवं. निकोटिननं हाड जुळायला वेळ लागतो, जखम चिघळते. याबाबत मी घासाघीस करत नाही.

आता मशीन. सी-पॅपची निंदा करणाऱ्यांना मी आधी थोपवते, कारण अजूनही हाच पहिला उपचार आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली नाकावाटे हवेचा सततचा दाब देऊन घसा उघडा ठेवून दाखवला. त्याआधी तीव्र रुग्णाला खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. मशीन घातलं त्या रात्रीपासून काम करतं आणि काढून ठेवता येतं. ऑपरेशन काढून ठेवता येत नाही.

मशीन ‘सोसत नाही’ म्हणणाऱ्याला मी विचारते, नेमकं काय होतं? तुमच्या पत्रात ते नाही. नाकाचं हाड वाकडं असेल, सर्दी कायमची असेल, तर नाकावरच्या मास्कमधून हवा जाणार कशी? मग माणूस तोंड उघडतो, हवा तोंडावाटे निसटते, घसा कोरडा पडतो, पहाटे मास्क फेकून देतो. मास्कचं माप चुकलेलं असतं. मिशीतून हवा गळते. दुकानातून मशीन आणून दाब कुणी बसवून दिलेलाच नसतो. गावाकडं रात्री लाईट जाते आणि मशीन बंद पडल्यावर जीव घाबरतो. यांतल्या प्रत्येकाला उपाय आहे: नाकाचा इलाज, दुसरा मास्क, हवा ओलसर करणारं भांडं, इन्व्हर्टर. गाडीच्या बॅटरीवर चालवायलाही जोडणी मिळते. मशीनमधलं कार्ड काढून डॉक्टरांना दाखवा. रोज किती तास वापरलं, हवा किती गळली, सगळं त्यात नोंदलेलं असतं. एवढं करूनही महिना-दोन महिन्यांत जमलं नाही, तर मग ‘मशीन जमत नाही’ हे मी मान्य करते. चाळिशीच्या, सतत फिरतीवर असणाऱ्या माणसाला पुढची तीस वर्षं मास्क नको वाटणं हेही मला समजतं. ते रास्त कारण आहे, फक्त पहिलं कारण नव्हे.

टाळूच्या ऑपरेशनबद्दल स्पष्टच लिहिते. टाळूचा मागचा मऊ भाग, पडजीभ आणि टॉन्सिल यांचं हे ऑपरेशन सर्जन फुजिता यांनी १९८१ मध्येच पुढं आणलं आणि पुढं ते जगभर झालं. पण रुग्णांची निवड न करता सरसकट केलं तर यश साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास, हे १९९६ च्या आढाव्यातच दिसून आलं. टॉन्सिल मोठे आहेत आणि अडथळा टाळूपाशीच आहे, अशा माणसाला ते चांगलं लागू पडतं. लहान मुलांत तर टॉन्सिल-ॲडिनॉइड काढणं हाच बहुधा पहिला इलाज. पण हनुवटी आत असलेल्या, जिभेमागं घसा बंद होणाऱ्या माणसाचा टाळू कापून काय साधणार? घोरण्याचा आवाज कमी होतो, घरच्यांना बरं वाटतं आणि श्वास थांबायचा तो थांबतच राहतो. वर नंतर जबडा पुढे घ्यायची वेळ आलीच तर आखूड झालेला टाळू घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. पाणी नाकातून यायला आणि बोलणं नाकात जायला लागू शकतं. ‘आधी छोटं करून बघू, नाही जमलं तर मोठं’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण जबड्यातच दोष असलेल्या तीव्र रुग्णाला मी तो सल्ला देणार नाही.

अडथळा कुठं आहे हे अंदाजानं ठरवायचं नसतं. हलकी भूल देऊन, झोपेसारखी अवस्था आणून नाकातून दुर्बीण घालतात आणि घसा कुठं मिटतो ते प्रत्यक्ष बघतात. शिवाय चेहऱ्याचा बाजूनं काढलेला मापाचा एक्स-रे, किंवा त्रिमितीय स्कॅन. दोन्ही जुळले तर पुढं बोलायचं.

आता ऑपरेशन. नुसता खालचा जबडा पुढे आणला तर खालचे दात वरच्यांच्या पुढे जातील, चावता येणार नाही. शिवाय मऊ टाळू वरच्या जबड्याच्या मागच्या कडेला लटकलेला असतो. म्हणून दोन्ही जबडे, दातांसकट, साधारण दहा मिलिमीटर पुढे घेतात. मांडवाचे खांब बाहेर ओढल्यावर कापड ताणलं जातं, तसं टाळू, जीभ आणि घशाच्या बाजूच्या भिंती सगळंच ताणलं जातं. घशातून काहीही कापून काढावं लागत नाही.

सगळे छेद तोंडाच्या आतून. वर दातांच्या मुळांच्या वरून आडवा काप देऊन वरचा जबडा मोकळा करतात. फ्रान्सचे रने ल फोर यांनी १९०१ साली प्रेतांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांवर तुटतात ते शोधलं, त्यांतल्याच पहिल्या रेषेवर हा काप जातो. खालच्या जबड्याचं काम जास्त नाजूक. दाढांच्या मागं हाड आडवं न तोडता पापुद्र्यासारखं उभं उकलायचं, म्हणजे पुढचा तुकडा सरकला तरी दोन्ही पापुद्रे एकमेकांवर राहतात आणि हाड जुळतं. ही पद्धत जबड्याचे सर्जन ओबवेगेझर यांनी १९५० च्या दशकात रूढ केली. छिन्नीनं हाड उकलताना आत पांढुरकी नस दिसते. खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव तिच्यातूनच येते. ती दातांकडच्या तुकड्यातच राहिली पाहिजे, मागच्या तुकड्याला चिकटलेली असेल तर हलक्या हातानं सोडवून घ्यावी लागते. अक्कलदाढ नेमकी इथंच असते म्हणून बहुतेक सर्जन ती काही महिने आधी काढून घेतात. नवीन जागी टायटॅनियमच्या प्लेटा आणि स्क्रू. चार ते सहा तास धरून चाला.

या रुग्णांत भूलही साधी नसते. ज्याचा घसा झोपेत बंद होतो त्याला भूल दिल्यावर तेच होणार. नळी नाकातून, पुष्कळदा दुर्बिणीच्या मदतीनं घालावी लागते. नंतरची पहिली रात्र आय.सी.यू.त. म्हणून हे ऑपरेशन अनुभवी भूलतज्ज्ञ आणि रात्रभर जागं आय.सी.यू. असेल तिथंच करायचं. सर्जन कितीही नावाजलेला असो, ही अट सोडू नका.

नंतरचे दिवस कसे जातात हे घरच्या बायकांना आधी कळलेलं बरं, कारण निभावायचं त्यांनाच असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा इतका सुजतो की बघायला आलेले लोक घाबरतात. मुलांना आधी सांगून ठेवा. नाक चोंदलेलं, वरखालचे दात बांधून ठेवणारी रबरं लावलेली, ओठ बधिर. लाळ गळते आणि त्यांना कळतही नाही, म्हणून उशाशी मऊ फडकं ठेवा. डोकं उंच करून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही. रबरं कापायची छोटी कात्री कायम जवळ हवी, उलटी आली तर कामी येते.

सहा आठवडे चावायचं नाही. पहिले दिवस सगळं पातळ: पेज, नाचणीची आंबील, वरणाचं पाणी, ताक, आणि दूध तर आपल्याकडं गंगावेशच्या कट्ट्यावर समोर धार काढून मिळतं, तेवढं उकळून द्या. पांढरा रस्सा गाळून, कोमट करून खुशाल द्या. माझे रुग्ण त्यावरच उभे राहतात. तांबडा नाही. टाक्यांवर तिखट गेलं की काय होतं ते त्यांनाच विचारा. पुढं मिक्सरमधून काढलेली खिचडी, मऊ भात. तरी चार-पाच किलो वजन उतरतंच, आणि तुमचे यजमान आधीच ६६ किलोचे. तेव्हा ऑपरेशनआधी दोन किलो वाढले तर मी रागावणार नाही. बसून करायचं काम तीन-चार आठवड्यांनी जमतं. गाडीचे हादरे, ताडपत्री ओढणं, दोर आवळणं, ढेप उचलणं यासाठी दोन महिने तरी धरा.

चेहरा बदलतो. हनुवटी आत असलेल्याचा बहुतेक वेळा चांगलाच बदलतो, तेव्हा तुम्ही घाबरू नका. पण आपल्या लोकांत दात आधीच पुढे असण्याचं प्रमाण बरंच आहे. अशा चेहऱ्यावर वरचा जबडा सरळ दहा मिलिमीटर पुढे आणला तर तोंड फुगल्यासारखं दिसतं, नाक पसरतं. मग पुढच्या दाढांपैकी काही काढून दातांचा पुढचा भाग मागं घ्यायचा आणि मागचं हाड पुढे आणायचं, किंवा जबडा थोडा फिरवून बसवायचा, असे मार्ग आहेत. आधी काही महिने तारा लावाव्या लागतात. आजार तीव्र असेल तर तारांसाठी वर्षभर न थांबता आधी ऑपरेशन आणि मागून तारा, असंही करतात. संगणकावर होणाऱ्या चेहऱ्याचा अंदाज दाखवता येतो. तो मागून बघा, पण अंदाज म्हणूनच बघा.

बधिरपणाचं लपवणार नाही. खालचा ओठ आणि हनुवटी जवळजवळ प्रत्येकाची काही काळ बधिर होते. दाढी करताना ओठ लागला तरी कळत नाही, कपातला चहा किती गरम तेही कळत नाही. बहुतेकांची जाणीव वर्षभरात परत येते, थोड्यांची काही भागात कायमची कमी राहते. वय वाढेल तशी नस सावकाश सावरते. याशिवाय दातांची पकड किंचित चुकणं, जंतुसंसर्ग, एखादी प्लेट नंतर काढावी लागणं हेही होतं. जीव जाण्याचा धोका फार कमी, पण शून्य कुठल्याच मोठ्या ऑपरेशनला नसतो.

मग मशीन सुटेल का? २०१६ मध्ये ४५ अभ्यासांतल्या ५१८ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ए.एच.आय. सरासरी ५७ वरून साडेनऊपर्यंत उतरला होता. सुमारे ८५ टक्के लोकांत ऑपरेशन ‘यशस्वी’ ठरलं, म्हणजे आकडा निम्म्याहून कमी आणि वीसच्या आत. पाचच्या खाली जाऊन पूर्ण बरे झाले ते सुमारे ३८ टक्के. गळ्याला नळी घालणं सोडलं तर या आजारावर इतकं परिणामकारक ऑपरेशन दुसरं नाही. तरीही ‘शंभर टक्के मशीन सुटणार’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा स्लीप स्टडी करायचीच, बरं वाटलं तरी. आणि पुढं वजन वाढलं तर मोकळा झालेला घसा पुन्हा आवळतो.

खर्च लाखांत जातो. दंत महाविद्यालयांच्या मुखशल्यचिकित्सा विभागांत तो बराच कमी पडतो, तिथंही विचारा. विमा असेल तर अर्ज जाण्याआधीच फाइलमध्ये स्लीप स्टडी, मशीनच्या कार्डाची नोंद आणि दुर्बिणीचा रिपोर्ट लावा. जबड्याचं ऑपरेशन म्हटलं की विमावाले चेहरा सुधारण्यासाठीचं समजून नाकारतात. आजारासाठीचं आहे हे कागदावरून दिसलं पाहिजे.

हे सगळं जुळून यायला काही महिने जातील. तोवर मशीन कपाटावरून खाली उतरवा. ते अजिबात जमत नसेल तर खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं, मापानं बनवलेलं माऊथपीस दंतवैद्याकडून करून घ्या. एवढ्या तीव्र आजारात ते पुरेसं ठरेलच असं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं, आणि जबडा पुढे आल्यावर त्यांना कितपत फरक पडतो याचा अंदाजही मिळतो. कुशीवर झोपू द्या. रात्री दारू नको, झोपेच्या गोळ्या तर नकोतच. आणि गुजरातची फेरी तूर्त दुसऱ्या ड्रायव्हरकडे द्या. मालक कुरकुर करेल, भाड्याचे पैसे बुडतील. तरी उपचार लागू पडून दिवसाची झोप गेल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत त्यांनी हायवेवर गाडी चालवू नये. भेटायला याल तेव्हा स्लीप स्टडीचा पूर्ण रिपोर्ट आणा, पहिलं पान नुसतं नको. मशीनचं कार्ड आणा, आणि त्यांचे विशीतले एक-दोन फोटो, शक्यतो बाजूनं काढलेले.